फोटोतला माणूस आणि चित्रातला माणूस



ह्या व्यासपीठावर आम्हांला ह्यापूर्वी दोनदा बोलावणे आले. दोन्ही वेळा विषय हमालीच्या दराचा आणि कायद्याचा होता. यंदा चिटणिसांनी विषय विचारला आणि आम्ही "चित्रे" असे सांगितले, तेव्हा ते जरा वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "म्हणजे संपाची चित्रे का?" आम्ही म्हणालो, "नाही, माणसांच्या चेहऱ्यांची." त्यांनी विषय मान्य केला, ह्याबद्दल त्यांचे आभार. आम्ही सातवीपर्यंत शिकलेलो, पुढची पंधरा वर्षे पाठीवर पोते आणि त्यानंतर संघटनेचे काम. चित्रकलेच्या शाळेचा उंबरठा आम्ही पाहिलेला नाही. पण चेहरे आम्ही पुष्कळ पाहिले आहेत. मोर्च्यातले, कचेरीच्या खिडकीबाहेर ताटकळणारे, पगाराच्या दिवशीचे आणि पगार बुडाल्याच्या दिवशीचे. तेवढ्याच अधिकारावर बोलतो आहो.

सुरुवात घरापासून करू. आपल्या जुन्नरहून नाणेघाटाला न गेलेला माणूस ह्या पटांगणात क्वचितच असेल. घाटाच्या तोंडाशी लेणे आहे, बाहेर तो जकातीचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजण आहे, आणि लेण्याच्या भिंतींवर नागनिका राणीचा ब्राह्मी लिपीतला लेख आहे. शाळेच्या सहली तो लेख पाहून परततात. मागच्या भिंतीकडे फारसे कोणी पाहत नाही. त्या भिंतीवर दोन हजार वर्षांपूर्वी सातवाहन घराण्यातल्या माणसांच्या पुरुषभर उंचीच्या आठ मूर्ती कोरलेल्या होत्या, आणि वर त्यांची नावे होती. सिमुक, सातकर्णी, नागनिका, राजकुमार. घरातल्या भिंतीवर आपण आजोबा-पणजोबांच्या तसबिरी टांगतो ना, तसाच तो प्रकार. आज मूर्ती गेल्या आहेत. कोणाच्या पायांच्या खुणा तेवढ्या ओळखू येतात. नावे राहिली आणि चेहरे गेले. आमच्या लोकांचे नेमके उलटे होते. जुन्या बाजाराचे, धरणाच्या कामाचे, रस्त्याच्या खडीचे फोटो आम्ही जमवले आहेत. त्यांत चेहरे आहेत, पण एकाचेही नाव लिहिलेले नाही. ज्यांनी तो घाट फोडला त्यांचे तर चेहरेही नाहीत आणि नावेही नाहीत. पण तो वेगळा विषय झाला.

माणसाचा चेहरा हुबेहूब उतरवणे ही गोष्ट लहानपणापासून आम्हांला भीतिदायक वाटत आली, आणि त्याला कारण घडले होते. आम्ही पोरवयात ज्या बाजारात पोती उचलायला लागलो, तिथे एका अडतीच्या गाळ्यात गादीमागे मालकाच्या दिवंगत वडिलांची मोठी तैलचित्राची तसबीर होती. कोट, पगडी, उपरणे, आणि दोन डोळे. त्या गाळ्यात कुठेही उभे राहा, ते डोळे तुमच्याकडे पाहत. दाराशी गेले तरी पाहत, काट्याशी गेले तरी पाहत. आमच्यातले एक वयस्क गडी त्या तसबिरीखाली बसून कधी भाकरी खात नसत. म्हणत, "म्हातारा मोजतोय." आम्हीही त्यावर विश्वास ठेवला होता. पुढे गावच्या वाचनालयात रात्री बसून जे हाती लागेल ते वाचण्याचा नाद लागला, तेव्हा एका पुस्तकात ह्या प्रकाराचा उलगडा सापडला. तो इतका साधा होता की आम्हांला आमचीच लाज वाटली.

खरा माणूस समोर बसला असेल आणि आपण बाजूला सरकलो, तर त्याचा एक कान दिसेनासा होतो, दुसरा अधिक दिसतो, नाक एका गालावर कलते, बुबुळ डोळ्याच्या कोपऱ्यात जाते. ह्यावरून आपल्याला कळते की आता तो आपल्याकडे पाहत नाही. चित्र सपाट असते. तुम्ही डावीकडे जा नाही तर उजवीकडे, त्याचे दोन्ही कान तेवढेच दिसतात आणि बुबुळ डोळ्याच्या मधोमधच राहते. बुबुळ मधोमध म्हणजे समोरचा माझ्याकडे पाहतो, हा आपल्या मेंदूचा जन्मापासूनचा हिशेब. तो हिशेब चित्रालाही लावला जातो, आणि म्हातारा मोजत बसतो. चित्रकाराने चेहरा सरळ समोर पाहणारा काढला, एवढेच त्याचे कर्तृत्व. बाकीचे काम पाहणाऱ्याची भीती करते. दुसऱ्या दिवशी आम्ही त्या गड्यांना हाताला धरून गाळ्यात ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवले आणि हे समजावले. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, "असंल. पण भाकरी मी बाहेरच खातो."

दृष्टिभ्रम म्हटला की लोकांना जादूगाराची पेटी आठवते. प्रत्येक चित्र हा दृष्टिभ्रमच आहे, कारण सपाट कागदावर नाक पुढे आलेले दिसते. प्रश्न एवढाच की तो भ्रम कोणाच्या कामी लागतो. एका कामगार परिषदेच्या निमित्ताने आम्ही कर्नाटकात गेलो होतो, तेव्हा म्हैसूरला जगनमोहन राजवाड्यातले संग्रहालय पाहिले. तिथे हातात समई घेतलेल्या एका तरुण मुलीचे चित्र आहे. ज्योतीवर तिने आडवा हात धरला आहे आणि बोटांच्या फटींतून उजेड झिरपतो आहे. काळोख्या जागेत ते चित्र पाहिले की उजेड खरोखर चित्रातून बाहेर येतो असे वाटते. आमच्याबरोबरचा एक गिरणी कामगार चित्रामागे दिवा आहे का म्हणून वाकून बघायला लागला आणि पहारेकऱ्याची बोलणी खाऊन परत आला. दिवा नाही. जलरंग आहेत. मुलीच्या चेहऱ्याभोवती आणि पातळाच्या घड्यांत चित्रकाराने इतका गडद काळोख भरला आहे की बोटांमधला फिका रंग त्याच्या शेजारी ज्योतीसारखा पेटतो. आम्ही हे ओळखतो. उन्हातून गोदामात शिरल्यावर पत्र्याला पडलेले एक बारीक भोक सूर्यासारखे दिसते, तेच हे.

ते चित्र अनेकजण राजा रविवर्म्याचे समजतात. ते सावंतवाडीचे सावळाराम लक्ष्मण हळदणकर ह्यांचे आहे. ते 1945 च्या सुमाराचे, म्हणजे रविवर्मा वारल्याला चाळीस वर्षे होत आली तेव्हाचे. मुलगी म्हणजे चित्रकाराची स्वतःची लेक गीता. ज्याची मेहनत त्याचे नाव, हा आमचा धंद्यातला आग्रह आहे, म्हणून एवढे थांबून सांगितले.

आता फोटोकडे येऊ. हळदणकरांची मुलगी बापासमोर उभी होती आणि बापाने तिला पाहून ती काढली. पण 1960 च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत काही चित्रकारांनी निराळेच आरंभले. ते माणसाकडे न पाहता माणसाच्या फोटोकडे पाहून, फोटो जसा असेल तसा, रंगाने काढू लागले. त्यांतला चक क्लोज हा आम्हांला सर्वांत जवळचा वाटतो, आणि त्याचे कारण आमचा पेंटर आहे.

मंचरच्या बाजूला एक पाट्या रंगवणारा पेंटर होता. संघटनेची पहिली पाटी त्याने केली, सिनेमाच्या तंबूचे मोठे पडदे तोच रंगवी. विताएवढ्या छापील चित्रावरून दहा फुटी नट कसा काढायचा, हे आम्ही त्याच्याकडून पाहिले. छापील चित्रावर पेन्सिलीने बारीक चौकोन पाडायचे. पडद्यावर सुतळीला खडू लावून तितकेच मोठे चौकोन पाडायचे. मग नट विसरून जायचा. एका चौकोनात जे असेल तेवढेच दुसऱ्या चौकोनात काढायचे. एखाद्या चौकोनात नुसता गाल असतो, एखाद्यात भुवईचे टोक आणि पुष्कळशी सावली. तो म्हणे, "डोळा काढायला जाल तर चुकाल. चौकोन काढा, डोळा आपोआप होतो." 2000 सालानंतर फ्लेक्स आले, संगणकावरून तासाभरात दहा फुटी चेहरा छापून निघू लागला, आणि पेंटरची ब्रशे डब्यात वाळली. त्या वेळी आम्ही त्याच्यासाठी काही करू शकलो नाही. पाट्या रंगवणाऱ्यांची संघटना बांधायची होती, ती राहिली. हे आमच्या खात्यावरचे देणे आहे.

तर चक क्लोजने हेच चौकोन पाडले. 1967-68 साली त्याने स्वतःचा चेहरा काढला, जवळजवळ नऊ फूट उंच, काळ्या-पांढऱ्यात, तोंडात सिगारेट. दुरून पाहा, फोटो. जवळ जा, तरी फोटोच. आणि इथे एक चमत्कारिक गोष्ट ध्यानात येते. कॅमेरा नाकाच्या जवळपास नेमका लावला असेल तर कान धूसर येतो. माणसाच्या डोळ्याला असे दिसत नाही, कारण आपण कानाकडे पाहिले की डोळा कानावर स्थिरावतो. क्लोजने तो धूसर कानही इमानाने धूसरच काढला. म्हणजे हे चित्र चेहऱ्याशी प्रामाणिक नाही, फोटोशी प्रामाणिक आहे. फोटो कुठे खोटा बोलतो, ते तो रंगवून दाखवतो. 1988 साली त्याच्या मणक्यातली रक्तवाहिनी निकामी होऊन अंग लुळे पडले. तेव्हा हाताला ब्रश बांधून त्याने काम चालू ठेवले, आणि एकेका चौकोनात वर्तुळे, चौकटी, रंगीत वेटोळी भरू लागला. जवळून पाहिले तर गोधडी, मागे सरकले की माणूस. पाहणाऱ्याला पुढे-मागे चालायला लावणारे चित्र. त्याच्या चित्रांसाठी बसायला आलेल्या स्त्रियांनी 2017 साली त्याच्या गैरवर्तनाबद्दल तक्रारी केल्या, त्याने क्षमा मागितली, हेही सांगितले पाहिजे. कारागिरी थोर असली म्हणून ते झाकायचे नसते. 2021 साली तो वारला.

फोटो कुठे खोटा बोलतो, हे आम्हांला पुस्तकातून कळले नाही. ते एका बाईने शिकवले.

आमचा एक सहकारी, तीस वर्षे बाजारात हमाली केलेला, पोत्यांची थप्पी अंगावर कोसळून गेला. 1969 चा माथाडी कायदा, मंडळ, नुकसानभरपाई, त्या लढाईची हकिगत इथे सांगत नाही. संघटनेने ठरवले की त्याचे मोठे चित्र करून घ्यायचे. फ्लेक्स नको, रंगवलेले हवे. पेंटरलाही त्या निमित्ताने काम मिळेल. फोटो शोधायला लागलो, तर साऱ्या आयुष्यात त्याचा एकट्याचा एकच फोटो निघालेला. ओळखपत्रावरचा, अंगठ्याच्या नखापेक्षा थोडा मोठा. आणि ह्यात नवल नाही. 2014 च्या 30 जुलैला आपल्या आंबेगाव तालुक्यात माळीणवर डोंगर आला, दीडशेच्या वर माणसे गेली, आणि घरांबरोबर घरांच्या भिंतींवरच्या तसबिरीही गेल्या. गरीब माणसाचा चेहरा अखेर कुठे उरतो? कुठल्या तरी कचेरीच्या कागदावर.

पेंटरने त्या नखाएवढ्या फोटोवर भिंगाखाली चौकोन पाडले आणि महिनाभर खपून तीन फुटी चेहरा उभा केला. आम्ही थक्क झालो. दाढीचे खुंट, कपाळावरची जखमेची खूण, सगळे जागच्या जागी. वहिनींना बोलावले. त्या आल्या, पदर सावरून चित्रासमोर उभ्या राहिल्या, आणि पुष्कळ वेळाने म्हणाल्या, "हे आमचे नव्हेत."

आम्ही म्हणालो, "वहिनी, असे काय म्हणता? हुबेहूब आहे."

"हुबेहूब त्या कार्डासारखं आहे. डोक्यावर टोपी कुठाय? आणि हे असे भ्यालेले कधी होते?"

मग आठवले. ओळखपत्राच्या दिवशी आम्हीच सर्वांना घेऊन एका कचेरीत गेलो होतो. भिंतीला पाठ लावून एकेकाला उभे करत होते. खिडकीमागच्या माणसाने ओरडून सांगितले, "टोपी काढा, मान वर, हलू नका." आमचा तो सहकारी चार माणसांत बोडक्या डोक्याने कधी उभा राहिलेला नव्हता. त्याने टोपी काढून मुठीत धरली आणि तेवढ्यात झगझगाट झाला. फोटोत मूठ आली नाही, नुसता चेहरा आला. त्या फोटोत आमचा माणूस नव्हता. कचेरीपुढे उभा केलेला माणूस होता. आमच्या पेंटरने तो भेदरलेला क्षण चौकोन-चौकोन करून, महिनाभर डोळे फोडून, तीन फूट मोठा केला होता.

ही गोष्ट घडल्यानंतर एका मित्राने आमच्या हातात अतुल दोडिया ह्या मुंबईच्या चित्रकारावरचे पुस्तक ठेवले. दोडियांचा जन्म 1959 चा, ते घाटकोपरचे, शिक्षण जे. जे. कलाशाळेत. आरंभीची त्यांची चित्रे अगदी फोटोसारखी, मध्यमवर्गी घरांतली, शांत. 1991-92 साली पॅरिसला जाऊन आल्यावर त्यांनी फोटोची हुबेहूब कारागिरी सोडली नाही, पण ती निराळ्या कामाला लावली. 1994 सालचे त्यांचे एक आत्मचित्र आहे, नाव 'द बॉम्बे बकानियर', म्हणजे मुंबईचा समुद्री चाचा म्हणा. 1993 साली 'बाजीगर' नावाचा चित्रपट आला होता. त्याची जाहिरात तुमच्यातल्या पुष्कळांना आठवेल. काळा चष्मा घातलेला नायक आणि चष्म्याच्या काचांत नायिकांची प्रतिबिंबे. दोडियांनी नायकाच्या जागी स्वतःला काढले, आणि काचांत नायिकांच्या जागी दोन चित्रकार काढले. एकीत इंग्लंडचे डेव्हिड हॉकनी, दुसरीत बडोद्याचे भूपेन खक्कर.

आम्ही हे चित्र छापीलच पाहिले. म्हणजे फोटोसारख्या चित्राचा फोटो पाहिला! पण ते पाहताना आमच्या त्या सहकाऱ्याच्या टोपीचा उलगडा झाला. दोडिया सांगतात ते असे, निदान आम्हांला ते असे ऐकू आले: फोटोतला माणूस कधी नुसता माणूस नसतो, तो कोणीतरी उभा केलेला असतो. नायकाला जाहिरातवाल्याने उभा केला, हमालाला कचेरीने उभा केला. सामान्य फोटोत उभा करणारा दिसत नाही, तो कॅमेऱ्यामागे लपलेला असतो. दोडियांनी काळा चष्मा घालून त्या लपलेल्याला काचेत आणले. मी आज असा का उभा आहे, तर ही दोन माणसे माझ्यासमोर आहेत म्हणून. ह्यात एक दृष्टिभ्रमाची गंमतही आहे. आरशात समोरचा दिसतो. चित्रासमोर तर आपण उभे असतो, तेव्हा काचेत आपण दिसायला हवे. आपल्याऐवजी दुसरेच दिसतात आणि क्षणभर आपण मागे वळून बघतो, कोण उभे आहे म्हणून.

भूपेन खक्कर ह्यांच्याविषयी दोन शब्द बोलल्यावाचून आम्हांला पुढे जाववत नाही. हे गृहस्थ पेशाने हिशेबनीस, चित्रे काढायला आपल्या बळावर शिकले, आणि 1970 च्या दशकात त्यांनी न्हाव्याचे दुकान, शिंप्याचे दुकान, घड्याळ दुरुस्त करणारा अशी चित्रे काढली. मोठ्या माणसांच्या तसबिरी जितक्या गांभीर्याने काढतात तितक्याच गांभीर्याने घड्याळवाला. 2003 साली ते वारले. असा माणूस ज्याच्या चष्म्याच्या काचेत आहे, त्याचे आम्हांला बरे वाटते.

पण दोडियांच्या ज्या चित्रांनी आमची झोप घालवली ती ही नव्हेत. ती शटरावरची.

दुकानाचे शटर म्हणजे काय, हे चित्रकारापेक्षा आम्ही अधिक जाणतो. संपाचा पहिला आवाज घोषणेचा नसतो, शटरचा असतो. बाजारपेठेत एका टोकाला एक शटर खाली येते, मग दुसरे, आणि तो खडखडाट गल्लीगल्लीतून पुढे सरकत जातो. आम्ही तो आवाज अभिमानाने ऐकला आहे. 1992-93 साली मुंबईत आमच्या लोकांनी तोच आवाज भीतीने ऐकला. बंद शटरासमोर उभे राहिले की आत काय चालले आहे हे कळत नाही. दिवाळे निघाले आहे, की माल दडवला आहे, की माणूस मेला आहे, बाहेर नुसती पन्हळी पत्र्याची भिंत.

दोडियांनी हे शटरच चित्राचा फळा म्हणून घेतले. खरे लोखंडी शटर, त्यावर पाट्या रंगवणारे वापरतात तो एनॅमल रंग. शटर खाली असले की एक चित्र दिसते, वर केले की मागे दुसरे. 2001 साली लंडनच्या टेट मॉडर्न संग्रहालयात काही महानगरांवर प्रदर्शन भरले, त्यात मुंबईही होती, आणि दोडियांची अशी शटरे तिथे होती. 2002 सालच्या एका शटरावर महालक्ष्मी आहे, दिवाळीच्या कॅलेंडरावर असते तशी, हातातून नाणी सांडणारी म्हणावी अशी मंगल, रंगीत. शटर वर जाते आणि मागे तीन बहिणी दिसतात. लग्नात द्यायला बापाजवळ हुंडा नाही म्हणून ज्यांनी फास लावून घेतला, त्या.

ह्याला कोणी चमत्कृती म्हणेल. एकावर एक दोन चित्रे, हा खेळ मुलांच्या खेळण्यातही असतो. आमचे म्हणणे असे की ही चमत्कृती खोटी नाही, कारण ती आपल्या घरांची आहे. दर्शनी भिंतीवर लक्ष्मी आणि मागच्या खोलीत काय, हे आपल्यापैकी कोणी आपल्या पाहुण्याला सांगतो का? आम्ही स्वतः संघटनेच्या व्यासपीठावरून हुंड्याविरुद्ध बोलून आलेल्या माणसाने घरी लेकीच्या लग्नासाठी सावकाराकडून पैसे उचललेले पाहिले आहेत. ते पैसे फेडण्यासाठी तो दुप्पट पोती उचलत होता. व्यासपीठ हे त्याचे शटर होते. नाव सांगत नाही. तो आमच्यातलाच.

आमच्या तरुण कार्यकर्त्यांचा ह्या सगळ्यावर आक्षेप आहे आणि तो कडक आहे. ते म्हणतात, दादा, ही चित्रे लाखांना जातात, ज्यांच्या भिंतीवर लागतात त्यांच्या गोदामात आपली माणसे मरतात, तुम्ही कशाला त्यांची कौतुके सांगता? आक्षेप खरा आहे. त्याला आमच्याजवळ पुरते उत्तर नाही. एवढेच म्हणतो की भाकरीही सावकाराच्या घरी जाते, म्हणून ज्वारी पिकवण्याची विद्या सावकाराची होत नाही. आपल्याच ओतूरचे सुभाष अवचट ह्यांनी हमालांवर चित्रमालिका केली. तीही मोठ्या शहराच्या दालनात लागली. आमच्या बाजारातले किती हमाल ती पाहू शकले? चूक चित्रकाराची मानत नाही. चित्र इथे आणण्याची खटपट आम्ही केली नाही.

दुसरा आक्षेप अधिक साधा. फोटो तासात निघतो, मग फोटोसारखे काढायला महिना कशाला घालवायचा? ह्याचे उत्तर आम्हांला पेंटरच्या दुसऱ्या चित्रातून मिळाले.

वहिनी नाही म्हणाल्यावर पेंटर रागावला होता. म्हणाला, "फोटोत टोपी नाही, मी कुठून आणू?" आठ दिवसांनी तो आपण होऊन आला. आम्ही सारे बसलो. ज्याला ज्याला जे आठवले ते ते त्याने सांगायचे. टोपी कशी घालायचा, तर डावीकडे कललेली, कारण पोते उजव्या खांद्यावर. हसताना ओठ मिटलेलेच ठेवायचा, पुढचा दात पडला होता म्हणून. पेंटरने टोपीसाठी पुतण्याला उभे केले, खांद्यासाठी दुसऱ्या एका गड्याला. चेहरा त्याच फोटोवरून, तेच चौकोन. फक्त एक बदल त्याने केला, आणि तो आम्हांला त्याने बोट ठेवून दाखवला नसता तर आमच्या लक्षात आला नसता. कॅमेऱ्याच्या झगझगाटाने फोटोत दोन्ही बुबुळांच्या ऐन मध्यावर एकेक पांढरा ठिपका पडला होता. ते दोन ठिपके पेंटरने पुसले आणि वरच्या कडेला, जरा डावीकडे, नेऊन ठेवले. बाजारातल्या छपराच्या फटीतून उजेड जसा येतो, तसा. बाकी डोळ्यात काही बदलले नाही. ते भ्यालेपण गेले. कचेरीच्या भिंतीपुढचा माणूस छपराखाली येऊन उभा राहिला.

आता हे चित्र खरे म्हणायचे की खोटे? टोपी पुतण्याच्या डोक्यावरची, खांदा दुसऱ्याचा, डोळ्यातला उजेड पेंटरच्या मनातला. फोटोच्या हिशेबाने तीन लबाड्या झाल्या. आम्ही ह्यावर पुष्कळ वाद घातला आहे. महिना ज्यात जातो ते हेच काम, एवढे मात्र आम्हांला पटले. कोणता ठिपका ठेवायचा आणि कोणता हलवायचा, ह्याचा निर्णय फोटो घेत नाही. कोणीतरी माणसाने बसून, दुसऱ्या माणसाला आठवून, घ्यावा लागतो.

पेंटरने आपल्या मनाने आणखी एक गोष्ट केली. चित्राच्या खालच्या कडेला त्याने पोती ओढायचा लोखंडी आकडा काढला, खिळ्याला अडकवलेला. त्याची सावली अशी टाकली की तो चित्रात नसून चित्राच्या चौकटीवर खरोखर टांगला आहे असे वाटावे. खिडकी डावीकडे आहे, सावली उजवीकडे. दिवसा उजेडी येणारा प्रत्येक नवा गडी एकदा तरी तो काढायला हात घालतो.

वहिनींनी चित्र पाहिले. ह्या वेळी काही बोलल्या नाहीत. पदराच्या टोकाने काचेवरची धूळ पुसायला गेल्या, तर काच नव्हतीच, रंगच होता. मग म्हणाल्या, "इथंच असू द्या. घरात दोन खणांची जागा, तिथं कोण बघणार? इथं येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसतील."

चित्र आमच्या मंचरच्या कचेरीत आहे. खाली त्यांचे नाव, कामाची वर्षे, आणि कोपऱ्यात पेंटरचेही नाव घातले आहे. ज्यांना पाहायचे असेल त्यांनी संध्याकाळी सहानंतर यावे, दिवसा आम्ही बाजारात असतो. आणि कृपा करून आकड्याला हात लावू नये. तेवढ्या जागेचा रंग आता जायला लागला आहे.